माध्यम आणि प्रकाश

(हीरकमहोत्सवी वर्षात चारबाग, लखनौ येथे झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



‘मुलाचे माध्यम बदलावे का?’ हा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत मला हमखास विचारला जातो. आज त्याचा विचार प्रकाशाच्या आधारे करू.

जवळच चारबाग स्थानक आहे. रेल्वेमार्गांच्या कडेने काचेचे तंतू पुरलेले असतात. केसाएवढ्या एका तंतूतून निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रकाशस्पंद निरनिराळे संदेश नेतात. दोन संदेशांना एकच तरंगलांबी हवी झाली, तर एकाची बदलावी लागते. रूढ पद्धतीत प्रकाशाची वीज करून पुन्हा प्रकाश करतात. म्हणजे प्रवाशांना उतरवून दुसऱ्या गाडीत बसवायचे. गाडी न थांबवता रूळ बदलता आला तर?

प्रकाश हवेतून काचेत शिरला की त्याचा वेग आणि तरंगलांबी कमी होते, वारंवारता तीच राहते; बाहेर येताच सारे पूर्ववत होते. परंतु स्पंद सिलिकॉनच्या सूक्ष्म मार्गिकेत असतानाच तिचा अपवर्तनांक झटकन घटवला, तर वारंवारता वाढते आणि बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी कमी भरते. तंबोऱ्याची तार छेडून नाद विरण्यापूर्वी खुंटी पिळावी आणि सूर चढावा, तसेच हे. ज्या नगरीत १९२६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेथे अधिक काय सांगावे! २००७ साली कॉर्नेल विद्यापीठातील मिखाल लिप्सन यांच्या गटाने सिलिकॉनमध्ये हे करून दाखवले. तंतूंतील स्पंदांचे गणित मांडणाऱ्यांत गोविंद अग्रवाल अग्रगण्य. त्यांनी १९६९ मध्ये लखनौ विद्यापीठातूनच बी.एस्सी. पदवी घेतली.

उपमा म्हणजे पुरावा नव्हे, हे मी जाणते. तरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. केवळ सीमा ओलांडल्याने वारंवारता बदलत नाही. प्रकाश आत असताना माध्यम स्वतः बदलते, तेव्हा ती बदलते. मूल आमच्याकडे दहा वर्षे असते. त्या अवधीत प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि आम्ही शिक्षक सुधारलो नाही, तर मातृभाषेचा अभिमान पोकळ ठरेल. इंग्रजी उत्तम यायलाच हवे. तीही आमचीच जबाबदारी.

म्हणून माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे देणगीचे नाही. महिन्यातून एक तास द्या. आपल्या कामातले विज्ञान मुलांना मराठीत समजावून सांगा. आणि पालकहो, शाळा बदलण्यापूर्वी आम्हांला जाब विचारा. तो आपला अधिकार आहे.