अल्पवयीन माता आणि आपले दायित्व

(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



जमाखर्चाचे विवरण आपल्यापुढे आलेच आहे. त्यात ज्यांचा स्वतंत्र रकाना नाही, अशा अल्पवयीन मातांविषयी आम्ही आज दोन शब्द बोलू इच्छितो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली माता झालेल्या अथवा गरोदर आढळल्या. या वयात मुलीची स्वतःचीच वाढ पुरती झालेली नसते. त्यामुळे रक्तक्षय, गरोदरपणातील झटके, अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ हे धोके वाढतात. पहिल्या बारा आठवड्यांत नोंदणी व पुढे नियमित तपासणी झाल्यास यांतील बरेचसे वेळीच ओळखता येतात.

परंतु नेमकी हीच मुलगी उशिरा येते. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलीची माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विवाहाची सबबही उरलेली नाही. या धास्तीने कुटुंबे वय वाढवून सांगतात, किंवा कळा सुरू होईपर्यंत रुग्णालयाची पायरीच चढत नाहीत.

कायद्याचे पालन आणि मुलीचा विश्वास यांत आम्ही विरोध मानत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ खासगी रुग्णालयांनाही अशा पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार करण्यास आणि पोलिसांना कळविण्यास सांगते. गर्भपाताच्या प्रकरणी मुलीने व पालकांनी विनंती केल्यास, कळविताना तिची ओळख उघड करणे डॉक्टरांस आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून आमची तीन निवेदने आहेत. नोंदणीच्या खिडकीवर, रांगेदेखत, वयाची उलटतपासणी होऊ नये. ते काम समाजसेवा अधीक्षकांनी बंद दाराआड करावे. नवजात बाळाच्या दीर्घ उपचारांचा भार, पात्रतेनुसार, निर्धन रुग्ण निधीतून उचलावा. धर्मादाय योजनेनुसार देयकांच्या दोन टक्के रक्कम त्यासाठीच बाजूला पडते. आणि घरी पाठविताना बाळाचे लसीकरण, मातेचे समुपदेशन व तिची शाळा या तिन्हींचा पाठपुरावा कोणी करावयाचा, हे कागदावर नोंदलेले असावे.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते अडलेल्या स्त्रीला गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत होता यावे म्हणून. नागपुरातील आपल्या दारीही कोणत्याही मुलीला येण्याची भीती वाटू नये, यासाठी विश्वस्त मंडळाने या निवेदनांस मान्यता द्यावी, ही विनंती.