बिनतारी जाळे : शेवटच्या पन्नास फुटांचा प्रश्न

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूंची तार नेण्याची योजना केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केली. पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तार अनेक गावांत पोचली. परंतु दारापर्यंत आलेला संदेश आतल्या टेबलापर्यंत पोचतोच असे नाही. एका ग्रामपंचायत कार्यालयात मी हे प्रत्यक्ष पाहिले. उताऱ्यासाठी सकाळी आलेल्या एका वृद्ध बाईंना दुपारी "रेंज नाही" असे सांगून परत पाठविण्यात आले. राउटर शेजारच्याच खोलीत, लोखंडी कपाटामागे ठेवलेला होता. तो काढून भिंतीवर उंच लावताच काम सुरू झाले. बाई मात्र तोवर निघून गेल्या होत्या. त्यांचा एका दिवसाचा रोजगार बुडाला होता. दोष यंत्राचा नव्हता, मांडणीचा होता. त्या मांडणीविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

लहरींचा स्वभाव

वाय-फाय म्हणजे एक प्रकारचा रेडिओच होय. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. भिंतीतून लहरी जातात, पण क्षीण होऊन जातात. विटांची भिंत काही शक्ती शोषते, जाड दगडी भिंत त्याहून अधिक. लोखंडी पत्रा त्यांना जवळजवळ पूर्णपणे परतवून लावतो. पाणीही त्या शोषून घेते. शिवाय अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही शक्ती चौथाई उरते.

या लहरींचे दोन पट्टे विशेष प्रचारात आहेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. ती भिंतीपलीकडे बरी पोचते, परंतु त्या पट्ट्यात गर्दी फार. ५ गिगाहर्ट्‌झची लहर सुमारे सहा सेंटिमीटरची; तिचा वेग चांगला, पण भिंतीपुढे ती लवकर थकते. म्हणून एकाच खोलीतील संगणकांना दुसरा पट्टा आणि पलीकडच्या वर्गाला पहिला, अशी विभागणी करावी.

प्रथम काय करावे ?

नवे यंत्र खरेदी करण्यापूर्वी संगणक साध्या केबलने राउटरला जोडून पाहावा. तरीही काम मंद चालले, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. तेथे अँटेना बदलून पैसा वाया जाईल. केबलवर काम नीट चालले, तरच बिनतारी भागाकडे वळावे.

राउटर इमारतीच्या मध्यभागी, उंचावर, धातूच्या वस्तूंपासून दूर ठेवावा. अँटेनाची काडी उभी ठेवली, तर लहरी चोहोबाजूंस आडव्या पसरतात. काडीच्या टोकाच्या दिशेस त्या सर्वांत कमी जातात. २.४ गिगाहर्ट्‌झवर शेजारची यंत्रे असतील, तर १, ६ व ११ या चॅनेलांपैकी मोकळे असेल ते निवडावे, कारण ही तीन एकमेकांत मिसळत नाहीत. मोबाइलवरील अ‍ॅपने जागोजागी मोजणी करावी. उणे ६० आणि उणे ७० या आकड्यांत फरक दहाचा दिसतो. शक्तीत तो दहा पटींचा असतो.

केवळ राउटरची शक्ती वाढवून भागत नाही. आपण मोठ्याने ओरडलो, तरी समोरच्याची कुजबुज आपल्याला अधिक ऐकू येत नाही. आणि मोबाइलचा आवाज नेहमीच लहान असतो. दूरच्या वर्गासाठी केबल टाकून दुसरे यंत्र बसविणे हाच उत्तम उपाय. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. ते शक्य नसेल, तर संदेश पुढे पाठविणारे यंत्र जेथे रेंज अजून चांगली आहे तेथे, वाटेच्या मध्यावर लावावे. जेथे काहीच पोचत नाही, तेथे ते पुढे काय पाठविणार ?

वाडीपर्यंत

वाडीवरची शाळा दूर असेल, तर एकमेकींकडे रोखलेल्या दिशादर्शी अँटेना उपयोगी पडतात. मात्र त्यांच्यामध्ये नजर स्वच्छ हवी आणि दृष्टिरेषेच्या भोवतीही मोकळी जागा हवी. उन्हाळ्यात जोडलेली वाट पावसाळ्यात पालवलेल्या झाडीने बुजते, हे ध्यानात ठेवूनच खांबाची उंची ठरवावी. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.तील 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील मोकळ्या लहरी खेड्यांसाठी वापरून पाहिल्या. या लहरी अर्ध्या मीटरहून लांब असल्याने झाडीतून अधिक चांगल्या जातात.

मित्रहो, यांतील बरीच कामे अर्ध्या दिवसात, विनाखर्च होणारी आहेत. उद्या कार्यालयात गेल्यावर राउटर कोठे ठेवला आहे, एवढे तरी अवश्य पाहा. "रेंज नाही" हे उत्तर देण्यापूर्वी आपण कपाट हलवून पाहिले काय, हा प्रश्न स्वतःला विचारला, तर कोणा वृद्धेची पुढची खेप वाचेल.