सहाशे एकेचाळीसचा भाग

श्रोतेहो, जोंधळ्याचा एक दाणा घ्या. तो बत्तीस वेळा दुप्पट करीत जा आणि शेवटी त्यात आणखी एक दाणा टाका. ४,२९,४९,६७,२९७ दाणे होतील. या आकड्याने एका थोर गणितज्ञाला चकविले आहे.

दाणा एकदा, दोनदा, चारदा, आठदा, सोळा वेळा दुप्पट करून एक मिळविला, तर अनुक्रमे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात. पाचही मूळ संख्या. म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणाऱ्या. १६४० साली फ्रान्समधील फर्मा याने म्हटले, की पुढच्याही साऱ्या अशाच निघतील. हा पेशाने कायद्याचा माणूस! पण सिद्धता काही त्याच्यापाशी नव्हती.

बत्तीस दुपटींची संख्या मूळ आहे असे म्हणायचे, तर साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. कोण बसतो? ऑयलरने १७३२ साली तिचा भाजक सांगितला, आणि पुढे त्यामागचा नियमही दिला. हिला भागणारी मूळ संख्या चौसष्टाच्या पटीत एक मिळवूनच झालेली असते. मग पाहायच्या उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या खेपेलाच भाग गेला! भागाकार ६७,००,४१७. गुरुजींनी हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावा. हातचे मात्र नीट धरायला सांगावे.

६५,५३७ च्या पुढे या कुळातली एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. मुळात ती आहे की नाही, हेही कोणी सिद्ध केलेले नाही.