वकीलपत्र कोणाचे?



आम्ही बँकेत हिशेब लिहिणारी माणसे. म्हणून आज एक हिशेबच मांडतो.

अमेरिकेत काँग्रेसची मुदत संपली की बरेच सभासद बड्या कंपन्यांचे 'लॉबिइस्ट' होतात. जुन्या ओळखी वापरायच्या, फी घ्यायची. जुन्या सहकाऱ्यांकडे रदबदली करण्याआधी माजी सिनेटरने दोन वर्षे आणि प्रतिनिधीने एक वर्ष थांबावे, असा तिथे कायदाच आहे.

आता आपली बाजू पाहा. प्रा. एन. डी. पाटील सर अठरा वर्षे विधान परिषदेत होते, १९७८ ते ८० सहकारमंत्री होते, १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार होते. ओळखी त्यांच्याही होत्या. त्या त्यांनी बेळगाव, निपाणी, खानापूरसाठी खर्ची घातल्या. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यानंतरही सर मंत्र्यांच्या मागे लकडा लावतच राहिले. १७ जानेवारी २०२२ रोजी ते गेले.

२०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. सभागृहात आपला माणूस नसला, की बाहेर आपले गाऱ्हाणे मांडणारा लागतोच. तो जरूर शोधू या. पण आधी एवढेच विचारू या : बाबा रे, तुझी फी कोण देतो?

जय महाराष्ट्र!