वेराक्रूझच्या डोंगरांतील नभोवाणी

मेक्सिको देशाचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील जुन्या मंडळींना वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची आठवण होते. क्रांतीच्या वाटेनें देशोदेशीं भटकलेले हे गृहस्थ १९२० नंतरच्या दशकांत मेक्सिकोंत स्थिरावले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत शिकवूं लागले, आणि ज्यांना त्या विद्यालयाची पायरी चढणें शक्य नव्हतें अशा शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळा काढण्याच्या कामांत त्यांनीं पुढाकार घेतला. विद्यार्थी शाळेंत येत नाहीं, तर शाळेनें विद्यार्थ्याकडे जावें, हा त्यामागील विचार. आज मी त्याच देशांतील, परंतु पुढच्या काळांतील, एका दुसऱ्या प्रयत्नाची हकीकत सांगणार आहें. या प्रयत्नांत शाळा ज्या वाहनांत बसून खेडुताच्या दारीं गेली तें वाहन म्हणजे नभोवाणी.

मेक्सिकोच्या आखाताला लागून उत्तर-दक्षिण पसरलेला लांबट चिंचोळा प्रांत म्हणजे वेराक्रूझ. किनाऱ्यावर दमट, उष्ण मैदान. आंत वळावें तों लगेच डोंगर. ह्या डोंगरांच्या उतरणीवर कॉफीचे मळे आहेत, मक्याचीं शेतें आहेत, आणि स्पॅनिश लोक येण्यापूर्वींपासून तेथें राहणाऱ्या समाजांचीं खेडीं आहेत. हे लोक नावात्ल, ओतोमी, तेपेवा अशा आपापल्या भाषा बोलतात. राज्यकारभार, कोर्टकचेरी, दवाखाना आणि शाळा मात्र स्पॅनिशमध्यें.

मेक्सिकोंत नभोवाणीचा आरंभ १९२१ मध्यें झाला. १८ सप्टेंबर १९३० रोजीं राजधानींत एक्स ई डब्ल्यू हें सुप्रसिद्ध केंद्र निघालें, आणि लॅटिन अमेरिकेचा आवाज असें बिरुद त्यानें स्वतःस लावून घेतलें. पुढें त्याचें सामर्थ्य अडीचशे किलोवॅटपर्यंत वाढलें. उत्तम गायक, उत्तम वाद्यवृंद, घरोघर ऐकल्या जाणाऱ्या कथामाला. सर्व कांहीं तेथें होतें. पण ही नभोवाणी व्यापाऱ्याची होती. साबण, सिगारेट, औषधें यांच्या जाहिरातींवर ती पोसली जात होती. म्हणून ज्याच्या खिशांत पैसा तोच तिचा खरा श्रोता. १९६० च्या कायद्यानें केंद्रांचे दोन वर्ग पाडले. व्यापारी केंद्रांना सवलतपत्र आणि शैक्षणिक वा सांस्कृतिक केंद्रांना नुसता परवाना. परवानाधारकांना जाहिरात घेण्याची मनाई होती. म्हणजे बोला, पण पोटाची सोय तुमची तुम्ही पाहा!

अशा परिस्थितींत १९६५ सालीं वेराक्रूझ प्रांतांत दोन लहान केंद्रें जन्मास आलीं. एक उत्तरेकडील डोंगरांत वायाकोकोत्ला येथें, आणि दुसरें हालापा या राजधानीच्या शहराजवळ, कॉफीच्या मुलखांत, तेओसेलो येथें. या दोन भावंडांचीच आज ओळख करून द्यावयाची आहे.

वायाकोकोत्ला येथील केंद्र मुळांत रेडिओ-शाळा म्हणून निघालें. ही कल्पना कोलंबिया देशांतली. तेथें सुतातेन्सा नांवाच्या खेड्यांत होसे होआकीन साल्सेदो या तरुण पाद्र्यानें १९४७ मध्यें एक लहानसा प्रक्षेपक उभारून प्रौढ शेतकऱ्यांना अक्षरओळख देण्यास प्रारंभ केला होता. पद्धत साधी. केंद्रावर एक शिक्षक बोलतो. खेड्यांत कोणाच्या तरी घरीं रेडिओ ठेवलेला असतो, भिंतीला फळा असतो, आणि थोडेंसें लिहितां-वाचतां येणारा गांवचाच एक मदतनीस असतो. आवाज म्हणतो, आतां अमुक अक्षर काढा. मदतनीस तें फळ्यावर काढतो. मंडळी तें पाटीवर गिरवतात. एका शिक्षकाला शंभर वर्ग एकाच वेळीं शिकवितां येतात. आम्हां मास्तर लोकांना हेवा वाटावा अशीच ही युक्ति!

तरीपण वायाकोकोत्ला येथील ती शाळा फार काळ टिकली नाहीं. १९७३ च्या सुमारास ती बंद पडली. कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. धडे स्पॅनिशमध्यें, ऐकणारांपैकीं पुष्कळांची घरची भाषा निराळी. आवाज वरून खालीं येत होता. खालून वर जाण्यास वाट नव्हती. मुलानें बोट वर केलें, तर तें रेडिओला दिसावें कसें?

येथें मला माझ्या मास्तरकींतील एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. माझ्या वर्गांत पाड्यावरून चालत येणारा एक मुलगा होता. वर्षभर तो वर्गांत बोलला नाहीं. मीं त्याला मठ्ठ ठरविलें, आणि तसा शेराही पुस्तकांत लिहिला. पुढें एके दिवशीं बाजारांत तो आपल्या आईशीं त्यांच्या बोलींत बोलतांना मीं ऐकला. काय त्या बोलण्याचा ओघ, काय तें हंसणें! त्या क्षणीं मला कळलें कीं मठ्ठ कोण होतें. मीं त्याला वर्षभर ऐकविलें, पण त्याचें एकदांही ऐकलें नव्हतें. वायाकोकोत्ला येथील शाळेची हकीकत प्रथम वाचली तेव्हां तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

परंतु वायाकोकोत्लाकरांनीं यंत्र मोडीत काढलें नाहीं. जेझुइट पंथीयांच्या एका शिक्षणसंस्थेनें तें हातीं घेतलें, आणि सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धांत केंद्राचा रोखच बदलला. शेतकऱ्यांना शिकविणारें केंद्र हळूहळू शेतकऱ्यांचें केंद्र झालें. नावात्ल, ओतोमी आणि तेपेवा या भाषांतून बोलणें सुरू झालें. त्या भागांतील वापांगो नांवाचें संगीत, म्हणजे एक सारंगी-वजा व्हायोलिन आणि दोन लहानमोठीं तंतुवाद्यें यांच्या साथीवरचें गाणें, वादकांना खेड्यांतून बोलावून वाजविण्यांत येऊं लागलें. लाकडाचे ठेकेदार आणि जमिनीचे तंटे यांसंबंधीं लोक उघडपणें बोलूं लागले.

आणि सर्वांत लोकप्रिय काय झालें असेल? निरोप! ज्या डोंगरांत तार नाहीं, टेलिफोन नाहीं, तेथें रेडिओच टपालवाला झाला. अमक्याचा मुलगा राजधानींत सुखरूप पोंचला. अमकीची आई आजारी आहे, तिनें लगेच यावें. अमक्या वाडीची सभा रविवारीं आहे. अशा जातीचे निरोप रोज वाचले जात. शहरांत मोलमजुरीस गेलेल्या माणसाचें नांव आपल्या डोंगरांत आपल्या भाषेंत उच्चारलें जातें, याचें मोल जाहिरातदाराच्या वहींत मांडतां यावयाचें नाहीं.

या केंद्राची ताकद किती, तर अवघी पांचशे वॅट! एक्स ई डब्ल्यूचा पांचशेवा हिस्सा. शिवाय परवाना मिळाला तो लघुलहरींचा, २३९० किलोसायकल्सचा. तीन लक्षांस २३९० नें भागल्यास लहरीची लांबी सुमारें १२५ मीटर येते. हा पट्टा बाजारांतील पुष्कळशा स्वस्त रेडिओंवर नसतोच. शेजारीं बोलावयाचें, पण शेजाऱ्याच्या यंत्राला ऐकूंच येऊं नये, अशी ही विचित्र देणगी. मध्यम लहरींसाठीं अर्ज झाले, स्मरणपत्रें झालीं. वर्षांमागून वर्षें गेलीं.

दरम्यान १९९४ च्या जानेवारींत दक्षिणेकडील चियापास प्रांतांत आदिवासींचा सशस्त्र उठाव झाला, आणि सरकारच्या कानाला प्रत्येक अनोळखी भाषेंत बंडाचा वास येऊं लागला. १९९५ सालीं वायाकोकोत्ला येथील केंद्र बंद करण्यांत आलें. कागदोपत्रीं यंत्रसामग्रींतील दोषांचें कारण होतें. आरोप मात्र असा होता कीं येथून चिथावणी दिली जाते व सांकेतिक भाषेंत निरोप पाठविले जातात. ती सांकेतिक भाषा म्हणजे तेथील आयाबायांची नित्याची बोली! ज्या देशांत ती शेंकडों वर्षें बोलली जात होती, त्याच देशाच्या अधिकाऱ्याला ती गुप्तलिपि वाटावी, यापरतें दुर्दैव कोणतें? लोकांनीं आवाज उठविला, इतर संस्था पाठीशीं उभ्या राहिल्या, आणि कांहीं काळानें केंद्र पुन्हां बोलूं लागलें. अखेर २००५ सालीं त्यास एफ. एम. चा परवाना मिळाला. जन्मानंतर चाळीस वर्षांनीं!

आतां तेओसेलो. २९ सप्टेंबर १९६५ रोजीं तेथील केंद्र सुरू झालें. ह्यास मात्र प्रथमपासून मध्यम लहर होती, १४९० किलोसायकल्सची. म्हणून साध्या रेडिओवरही तें ऐकूं येई. हा भाग शहराला जवळचा आणि भाषा स्पॅनिशच. येथील प्रश्न भाषेचा नव्हता, कारभाराचा होता. या केंद्राचा एक कार्यक्रम सर्व देशांत गाजला. त्याचें नांव खुली नगरसभा. नगराध्यक्ष व सभासद नभोवाणीवर येतात, पैसा कोठें खर्च झाला तें सांगतात, आणि नागरिक प्रश्न विचारतात. पाण्याचा नळ केव्हां येणार? रस्त्याचें काम अर्धवट कां? उत्तर सर्व मुलुख ऐकत असतो. त्यामुळें पुढल्या खेपेस तें बदलतां येत नाहीं. या कार्यक्रमाबद्दल तेओसेलो केंद्रास २००३ सालचें राष्ट्रीय पत्रकारिता पारितोषिक मिळालें. जाहिरातीची बंदी असलेलें हें केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर आणि बिनपगारी काम करणाऱ्या मंडळींच्या जोरावर उभें राहिलें, हेंही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें मात्र म्हणूं नये. आदिवासींसाठीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेनें १९७९ मध्यें गेरेरो प्रांतांत त्लापा येथें आदिवासी भाषांतील आपलें पहिलें केंद्र काढलें, आणि १९९१ मध्यें वेराक्रूझच्या सोंगोलीका डोंगरांत नावात्ल बोलणारांसाठीं एक काढलें. पुढें २०१४ च्या कायद्यानें सामुदायिक व आदिवासी केंद्रांना प्रथमच स्पष्ट नांवानें मान्यता दिली. म्हणजे ज्या गोष्टी लोकांनीं आधीं करून दाखविल्या होत्या, त्यांना कायद्यानें मागाहून नांव दिलें. बहुधा असेंच होत असतें.

श्रोतेहो, या दोन केंद्रांची हकीकत मीं सांगितली ती केवळ परदेशची नवलाई म्हणून नव्हे. नभोवाणीचा शोध लागला तेव्हां विद्वानांना वाटलें कीं आतां एक शहाणा बोलेल आणि लाखों अडाणी शहाणे होतील. वेराक्रूझच्या डोंगरांनीं दाखविलें कीं गोष्ट इतकी सोपी नाहीं. पांचशे वॅटच्या यंत्रापुढें ओतोमी बाई बसली आणि आपल्या भाषेंत बोलली, तेव्हां ती शाळा खऱ्या अर्थानें भरली. ज्याला बोलतां येतें असें त्याला स्वतःला कळलें, त्याला अक्षरें शिकविणें मग अवघड राहत नाहीं.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पुस्तकांतील शेरा मला आतां खोडतां येत नाहीं. तो आज कोठें आहे तेंही मला ठाऊक नाहीं. परंतु हें भाषण ऐकणारांत कोणी शिक्षक असतील, तर त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं उद्यां वर्गांत गेल्यावर, जो मुलगा कधींच बोलत नाहीं त्याला, त्याच्या घरच्या भाषेंत दोन वाक्यें बोलावयास सांगावें. आणि तीं आपणांस समजलीं नाहींत, तरी शेवटपर्यंत ऐकावीं.