अंगठा दिला त्याचं काय करायचं?

(पाड्यांच्या सभेतलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



आजचा विषय सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी फिरवून बोलत नाय. प्लॉटवरची उभी नागली, वरई उपटली. आपले पाच जण आत गेले. आणि आपल्यातल्याच एकाने त्यांच्या कागदावर अंगठा दिला, की ही जमीन यंदाच फोडली, आधी इथे झाडं होती. आता पोरं बोलतात, त्याला वाळीत टाका. त्याच्या बायकोला दोन दिवस विहिरीवर घागर भरू दिली नाय, असं मी ऐकलं.

राग खरा आहे. मला पण आहे. पण जरा मागचं बोलू.

म्हाताऱ्यांना विचारा, लग्नगडी म्हणजे काय. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्या घरी राबायला. कर्ज फिटायचं नावच नाय. वेठ, मारहाण, बायांची अब्रू, सगळं त्याच्या हातात. 1945 च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यात झरीला किसान सभेची परिषद झाली. तेव्हा तो तालुका आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. शामराव आणि गोदावरीबाई परुळेकर होते, हजारो वारली आले. वेठ करायची नाय असं ठरलं. मग लोक मिळून सावकारांच्या दारात गेले आणि लग्नगडी सोडवून आणले. त्या गड्यांत मालकाला चुगल्या सांगणारे कुणी नसतील का? असतील. पोटासाठी माणूस काय काय करतो. पण सोडवायला गेलेल्यांनी हा चांगला, हा चुगलखोर अशी निवड केली, असं मी एकाही म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं नाय.

ऑक्टोबरात गवतकापणी आली. पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये, एवढीच मागणी. तेव्हा खोटा निरोप फिरवला, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, तलवाड्याला या. 10 ऑक्टोबरला माणसं जमली. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. तरी लोक जागचे हलेनात. ज्या बाईची ओळख होऊन वर्ष झालं नव्हतं, तिचा जीव वाचवायला बसून राहिले. शिकलेले बोलतात, भोळे होते, फसले. फसले खरे. पण दुसरा कसला निरोप दिला असता तर एवढे लोक रातोरात चालत आले असते का?

आता आपल्या माणसाचं. त्याला सांगितलं, अंगठा दे, नायतर बैल नेतो. कागद त्याला कुणी वाचून दाखवला नाय. इथे बसलेल्यांत किती जणांना तो वाचता आला असता? हात वर करा. बघा.

त्याला विहिरीवरून हाकलला तर तो कायमचा त्यांचा. जवळ ठेवला तर कोर्टात उभा राहून खरं सांगेल. हे झालं हिशेबाचं. पण सगळंच हिशेबाने बोलायला मला बरं वाटत नाय. आषाढात घरात दाणा नव्हता तेव्हा आपण कडूकांद काढले. कडूपणा जावा म्हणून उकडून रात्रभर ओहोळात ठेवले, सगळ्यांच्या पाट्या एका जागी. कुणी राखण बसलं नाय. सकाळी एकही पाटी कमी नव्हती. भूक तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होती. काही जण बोलतात, देव पाठमोरा झाला. हिरवा देव आपल्या घरातच आहे, तो कुठे जाणार? पाठमोरे झालो असू तर आपणच, विहिरीवर.

तर माझी सूचना. विहीर आजपासून खुली. त्याने पुढच्या सभेत सगळ्यांसमोर, आत गेलेल्यांच्या घरच्यांसमोर, स्वतः बोलावं. कसा अंगठा दिला ते सांगावं. त्याची शिक्षा काय, शिक्षा द्यायची की नाय, ते त्या पाच घरांच्या बायांनी ठरवावं. नुकसान त्यांचं झालंय, माझं नाय. त्या घरांचं खालचं भात कापायला सावडीने घरटी एक माणूस. सोमवारी तारीख आहे, पहिल्या एसटीने निघायचं. पाच जणांची भाकरी आपणच न्यायची.

एक गोष्ट राहिली. सोमवारच्या भाकरीसाठी त्याची बायको काल पायलीभर नागली ठेवून गेली. ती घ्यायची की परत करायची, त्यावर आता बायांनी बोलावं. मी बसतो.