खेळातले शस्त्र आणि वारशाचे शस्त्र

गावोगावी शस्त्रप्रदर्शने भरतात, 6 जूनला रायगडावर आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत मुलेमुली दांडपट्टा चालवतात, याचे समाधान आहेच. या वाटचालीचा आढावा परिषदेच्या अध्यक्षाकडून अपेक्षित असतो. तथापि पुष्कळ वर्षे न बोललेली एक गोष्ट आज बोलणे त्याहून निकडीचे आहे. पिढीजात अस्सल शस्त्रे प्रात्यक्षिकांत फिरवली आणि एकमेकांवर आपटली जातात, हे थांबलेच पाहिजे.

शस्त्र हातात खेळले तरच जिवंत राहते, असे काही सहकारी आग्रहाने मांडतात. त्यांची निष्ठा वादातीत आहे, पण तलवारीची घडण त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. आपल्याकडील जुन्या तलवारीच्या पात्याचा मागचा निमुळता भाग पोकळ मुठीत घालून तो बहुधा तापवलेल्या लाखेने पक्का केलेला असतो. ही लाख कालांतराने ठिसूळ होते आणि बाहेरून काहीही न दिसता पकड सुटत जाते. एका मिरवणुकीत एका वाड्यातली अशीच तलवार फिरवताना पाते मुठीतून निसटून प्रेक्षकांच्या पायांशी पडलेले प्रस्तुत वक्त्याने पाहिले आहे. कोणाला इजा झाली नाही, म्हणून कोणी धडा घेतला नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच वाड्यातली दुसरी तलवार बाहेर आली. त्यानंतर या वादात ऐकून घेण्यासारखे काही उरले आहे, असे वक्त्याला वाटत नाही.

ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू व गोळी भरण्याच्या, बंदुकांचा धोका याहून मोठा आहे. भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या एका बंदुकीच्या नळीत लाकडी गज सोडला असता तो काना, म्हणजे बत्ती आत पोचवणारे छिद्र, येण्याआधीच अडला. नळी भरलेली होती आणि घरातली मुले तिच्याशी खेळत असत. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू कोरडी राहिली तर शतकानंतरही पेट घेते. म्हणून बार काढायचाच असेल तर तो नव्या, तपासलेल्या नळीतून, गोळीविना काढावा. दारू आधीच मोजून कागदाच्या पुड्यांत बांधावी. शिंगाच्या दारूदानातून ती थेट नळीत ओतू नये, कारण आत धुमसणारी एखादी ठिणगी हातातले सगळे दारूदान उडवू शकते. बार झाल्यावर उरणारी राख ओल शोषून लोखंड खाते, तेव्हा नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तिला तेल लावावे.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री चिंच आणि विटेची भुकटी लावून पाती चकचकीत करणारेही थोडे नाहीत. त्या घासण्याने कोफ्तगिरी, म्हणजे खरवडलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेली सोन्याची तार, निघून जाते, आणि पोलादातली लहरदार नक्षीही पुसट होते. ती पुन्हा आणणारे कारागीर आज सहजासहजी मिळत नाहीत.

प्रात्यक्षिकांसाठी बोथट धारेच्या नव्या प्रतिकृती घडवून घेणे, घराघरांतल्या शस्त्रांची नोंदवही करणे आणि चामड्याच्या ओल धरणाऱ्या म्यानातून पाती बाहेर काढून ठेवण्याची सवय लावणे, ही कामे परिषदेने हाती घ्यावीत. खर्चाचा आणि मनुष्यबळाचा विचार कार्यकारिणीने करावा; मात्र येत्या खंडेनवमीला पूजेचे हळदकुंकू ओल्या हाताने पात्यावर न लावता म्यानावर लावावे, एवढे तरी प्रत्येक सभासदाने आपल्या घरी सांगावे.